इंडियन ओशन बँडमध्ये सुरुवातीपासूनचं आता कोण उरलंय?

अगदी पहिलं कोणीच नाही. गिटारवाले सुस्मित सेन आणि तबला वाजवत गाणारे असीम चक्रवर्ती यांनी १९९० मध्ये दिल्लीत बँड उभा केला. असीम डिसेंबर २००९ मध्ये गेले, सुस्मित २०१३ मध्ये बाहेर पडले. आता जुन्यांपैकी बेसवर राहुल राम (१९९१ पासून) आणि ड्रमवर अमित किलम (१९९४ पासून).

राहुल राम म्हणजे अफलातून माणूस. अमेरिकेत कॉर्नेलमधून पीएचडी केली आणि परत येऊन थेट नर्मदा बचाव आंदोलनात! नर्मदाकाठच्या लोकगीतावरचं 'मा रेवा' २००० च्या 'कंदिसा' अल्बममध्ये आहे. आमच्या यवतमाळकडे कापूस वेचणीच्या दिवसांत पिकअपच्या डेकवर भीमगीतांच्या मधात ते लागलं, तर मागं बसलेल्या बाया टाळ्यांनी ठेका धरतात. रॉक-बिक त्यांच्या गावीही नसतं.

'पीपली लाइव्ह' (२०१०) मधलं 'देस मेरा'ही यांचंच. सिनेमा शेतकरी आत्महत्येवरचा, त्यामुळं इकडं तो जरा जास्तच टोचला.

नवीन मंडळी वाजवतात छानच, पण असीमचा आवाज ऐकायचा असेल तर आधी 'कंदिसा' लावा.