जपानमध्ये राहायला जाताना कोणकोणती ओळखपत्रं लागतात? पासपोर्ट कायम सोबत ठेवावा लागतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कंपनीच्या कामासाठी पुढच्या महिन्यात तोक्योला जाताय, बायको मागून येणार आहे. तिथे ओळख म्हणून काय काय लागतं, पासपोर्ट रोज खिशात बाळगायचा का, आणि आधार, पॅन, लायसन्स यांतलं काही चालतं का? मी बरीच वर्षं तोक्योतल्या नीशी-कासाईत राहतोय. इथे भारतीय इतके आहेत की दर काही दिवसांनी कुणीतरी नवीन माणूस हेच विचारतो.

आधी सरळ उत्तर. पासपोर्ट घरी, कपाटात. खिशात रेसिडेन्स कार्ड, ज्याला इथे झाइर्यू कार्ड म्हणतात. आधार आणि पॅन इथे कुणी हातातसुद्धा घेणार नाही. ती भारतातल्या बँकेसाठी आणि आयकरासाठी जपून ठेवा. भारतीय लायसन्स मात्र आणा, त्याचं काम पुढे आहे.

तीन महिन्यांपेक्षा जास्त मुक्कामाचा व्हिसा असेल, तर झाइर्यू कार्ड विमानतळावरच हातात पडतं. नारिता, हानेदा, नागोयाचा चुबू, ओसाकाचा कान्साई, शिन-चितोसे, हिरोशिमा आणि फुकुओका हे ते विमानतळ. दुसरीकडे कुठे उतरलात तर पासपोर्टवर तशी नोंद होते आणि कार्ड नंतर पोस्टाने घरी येतं. ही पद्धत जुलै 2012 पासूनची. त्याआधी परदेशी माणसांची नोंदणी आणि तिचं ओळखपत्र स्थानिक पालिकेकडे असे.

कार्डावर तुमचा फोटो, नाव, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, राहण्याचा प्रकार, मुदत आणि नोकरी करता येते की नाही हे छापलेलं असतं. पासपोर्टचा नंबर नसतो. त्यामुळे पुढे पासपोर्ट नवा झाला आणि नाव तेच राहिलं, तर कार्ड बदलावं लागत नाही.

सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक परदेशी रहिवाशाने हे कार्ड कायम जवळ बाळगायचं, असा कायदा आहे. कार्ड सोबत नसेल तर 2 लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. पोलिसांनी मागूनही दाखवलं नाही, तर प्रकरण तुरुंगवासापर्यंत जाऊ शकतं. मोबाइलमधला फोटो चालत नाही. पासपोर्ट जवळ बाळगायची सक्ती पर्यटकांना आहे. कार्ड जवळ असेल तर तुम्हाला ती नाही. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत दूध आणायला निघालात तरी पाकिटात कार्ड हवंच.

पोलीस खरंच विचारतात का? विचारतात, आणि बहुतेक वेळा निमित्त सायकलचं असतं. संध्याकाळी स्टेशनवरून सायकलने घरी येताना कोबानसमोरचा, म्हणजे छोट्या पोलीस चौकीसमोरचा, शिपाई हात करतो, नम्रपणे वाकतो आणि आधी सायकलच्या दांड्यावरचा नोंदणीचा स्टिकर टॉर्चने बघतो. तो नंबर वायरलेसवर वाचून दाखवतो. सायकल तुमच्याच नावावर निघाली की मग कार्ड मागतो, पुढची-मागची बाजू बघतो आणि 'गोकुरोसामा', म्हणजे 'तसदीबद्दल आभार', म्हणून सोडून देतो. सगळं पाच मिनिटांत उरकतं. खरी भानगड होते ती भारतात परतणाऱ्या मित्राने फुकट दिलेल्या सायकलची. नोंदणी त्याच्या नावावर, तो पोहोचला पुण्याला आणि तुम्ही कोबानमध्ये बसून खुलासे देताय. सायकल घेताना नोंदणी आपल्या नावावर करून घ्या. हेसुद्धा इथलं एक ओळखपत्रच समजा. कार्ड मागणाऱ्या अधिकाऱ्याला त्याचं स्वतःचं ओळखपत्र दाखवायला सांगण्याचा हक्क तुम्हाला आहे. दुकानदाराला किंवा शेजाऱ्याला कार्ड दाखवण्याचं तुमच्यावर कसलंही बंधन नाही.

आता पत्ता. घर मिळालं की 14 दिवसांच्या आत कुयाकुशोत, म्हणजे आपल्या वॉर्ड ऑफिसात, जाऊन पत्ता नोंदवायचा. तिथली बाई कार्डाच्या मागच्या रकान्यात पत्ता घालून देते. घर बदललं की पुन्हा 14 दिवस. 90 दिवस सबळ कारणाशिवाय पत्ता नोंदवलाच नाही, तर राहण्याचा परवाना रद्द होऊ शकतो. पत्ता नोंदवला की तुमचं नाव रहिवाशांच्या नोंदवहीत चढतं आणि त्याचा जो उतारा मिळतो तो जूमिन्ह्यो. गाडी घेणं, लायसन्स करणं, ऑफिसची कागदपत्रं, सगळीकडे जूमिन्ह्यो मागतात. बहुतेक ठिकाणी तो ताजा, गेल्या तीन महिन्यांतला लागतो, म्हणून एकदम दहा काढून ठेवू नका.

नोंदणीनंतर काही आठवड्यांत 12 अंकी माय नंबर पोस्टाने येतो. कर, विमा, पगार आणि परदेशी पैसे पाठवणं, सगळं या नंबरावर चालतं. कंपनी तो मागेल, बँक मागेल, त्यांना द्या. घरमालकाला किंवा जिमवाल्याला देण्याचं कारण नाही. नंबर सगळ्यांना मिळतो, पण फोटोचं प्लास्टिकचं माय नंबर कार्ड हवं असेल तर वेगळा अर्ज करावा लागतो आणि ते ऐच्छिक आहे. माझं मत विचाराल तर काढाच. जूमिन्ह्यो कॉम्बिनीतल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातल्या, मशीनवर निघतो, कुयाकुशोत ताटकळावं लागत नाही. शिवाय 2 डिसेंबर 2024 पासून आरोग्य विम्याची जुनी कार्डं नव्याने देणं बंद झालंय. आता दवाखान्यात माय नंबर कार्डच विम्याचं कार्ड म्हणून चालतं. ते नसेल तर विमा कंपनीकडून किंवा कुयाकुशोकडून विमा असल्याचं वेगळं पत्र मिळतं, तेही चालतं.

माय नंबर कार्डाची मुदत तुमच्या व्हिसाच्या मुदतीबरोबर संपते आणि व्हिसा वाढला म्हणून ती आपोआप वाढत नाही. इमिग्रेशनमधून नवं झाइर्यू कार्ड मिळालं की लोक निर्धास्त होतात आणि महिन्याभराने दवाखान्यातलं मशीन कार्ड नाकारतं. जुनी तारीख उलटायच्या आत कुयाकुशोत जाऊन ती वाढवून घ्यावी लागते. तारीख चुकली तर नव्याने अर्ज.

व्हिसावाढीचा अर्ज मुदतीच्या तीन महिने आधीपासून करता येतो. तोक्योवाल्यांसाठी ठिकाण म्हणजे शिनागावाचं इमिग्रेशन, आणि तिथली गर्दी आपल्याकडच्या आरटीओला लाजवेल अशी. शक्य असेल तर ऑनलाइन करा किंवा कंपनीच्या वकिलाकडून करून घ्या. अर्ज वेळेत केला आणि निकाल यायच्या आत कार्डाची तारीख उलटली तरी घाबरू नका. निकाल येईपर्यंत, जास्तीत जास्त दोन महिने, तुम्ही कायदेशीरच राहताय. खिडकीवर अर्ज केला असेल तर कार्डाच्या मागे 'अर्ज चालू आहे' असा शिक्का मारतात. ऑनलाइन केला असेल तर शिक्का नसतो, त्यामुळे अर्ज मिळाल्याचा ईमेल छापून कार्डासोबत ठेवा. बँकांचं मात्र स्वतंत्र तंत्र. त्यांच्या नोंदीत तारीख संपली की खात्यावर बंधनं येऊ शकतात, म्हणून नवं कार्ड मिळाल्याबरोबर बँकेला कळवा.

आता ज्याकडे कुणी लक्ष देत नाही आणि ज्यात आपली मराठी माणसं हमखास अडकतात ते: नाव. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बहुधा 'गिव्हन नेम'मध्येच असतं. झाइर्यू कार्डावर पासपोर्टनुसार आडनाव आधी आणि मग ती दोन्ही नावं येतात, म्हणजे शाळेच्या हजेरीपटात असायचं तसं, देशपांडे सचिन मधुकर. इथवर ठीक. पण जपानी अर्जातले चौकोन चार-सहा अक्षरांच्या नावांच्या हिशेबाने आखलेले असतात आणि बँक खात्यावर नाव काताकाना या उच्चारानुसार लिहायच्या जपानी लिपीत जातं. मग कुणी मधलं नाव गाळतं, कुणी ठेवतं. 'व' एका ठिकाणी एका पद्धतीने लिहिला जातो, दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या. पैसे पाठवताना खात्यावरचं काताकाना नाव अक्षर न् अक्षर जुळावं लागतं, नाहीतर रक्कम परत येते. माझ्या ओळखीतल्या एकाचा पहिला पगार असाच परत गेला होता: कंपनीच्या फॉर्मवर मधलं नाव नव्हतं, खात्यावर होतं. म्हणून आल्या दिवशी ठरवा की आपलं पूर्ण नाव काताकानात कसं लिहायचं. जपानी येणाऱ्या कुणाकडून ते कागदावर लिहून घ्या आणि कुयाकुशो, बँक, मोबाइल, कंपनी, चारही ठिकाणी तेच उतरवा.

बायकोच्या बाबतीत हे आणखी महत्त्वाचं. लग्नानंतर पासपोर्टवर माहेरचं नाव ठेवलंय की सासरचं, आणि विवाह नोंदणीच्या दाखल्यावर काय आहे, हे आत्ताच ताडून बघा. कुटुंबाच्या व्हिसासाठी तो दाखला आणि त्याचं जपानी भाषांतर लागतं. पासपोर्टवरचं नाव बदलायचंच असेल तर ते भारतातून निघण्यापूर्वी उरका. इथे आल्यावर नाव बदललं तर 14 दिवसांत इमिग्रेशनला कळवून कार्ड बदलावं लागतं आणि मग बँक, विमा, मोबाइल ही सगळी रांग पुन्हा. तिला तिचं स्वतःचं झाइर्यू कार्ड मिळेल आणि त्यावर पुढच्या बाजूला नोकरीची परवानगी नाही असं छापलेलं असेल. तिला अर्धवेळ काम करायचं असेल तर इमिग्रेशनकडे वेगळा अर्ज करायचा. परवानगी मिळाली की कार्डाच्या मागे आठवड्याला 28 तासांपर्यंतचा शिक्का बसतो. काम देणारा मालक तो शिक्काच बघतो.

इथे बाळ झालं तर: आईवडील दोघंही परदेशी असतील तर इथे जन्मल्याने बाळाला जपानी नागरिकत्व मिळत नाही. 14 दिवसांत कुयाकुशोत जन्मनोंद, 30 दिवसांत इमिग्रेशनमध्ये बाळाच्या राहण्याच्या परवान्याचा अर्ज, आणि एक वर्षाच्या आत भारतीय दूतावासात जन्माची नोंद, म्हणजे बाळाचं भारतीय नागरिकत्व आणि पासपोर्ट मार्गी लागतो. दूतावास तोक्योत कुदानला, चिदोरिगाफुचीच्या खंदकाजवळ. साकुराच्या दिवसांत गेलात तर फुलं बघणाऱ्यांच्या गर्दीतून वाट काढावी लागते, त्यामुळे वेळ हाताशी ठेवून निघा. पश्चिम जपानातल्या लोकांसाठी ओसाकाला वकिलात आहे.

सुट्टीला भारतात येताना पासपोर्टबरोबर झाइर्यू कार्डही घ्या. निघताना विमानतळावरच्या फॉर्मवर 'परत येणार' या चौकोनात खूण केली की एक वर्षाच्या आत वेगळी परवानगी न काढता परत येता येतं. एक वर्ष उलटलं की परवाना संपला, बाहेर बसून तो वाढवता येत नाही. नोकरी बदलली तरी 14 दिवसांत इमिग्रेशनला कळवायचं असतं. पुष्कळ जण हे विसरतात आणि पुढच्या व्हिसावाढीच्या वेळी तो विषय निघतो.

कार्ड हरवलं तर आधी कोबानमध्ये तक्रार, तिथून नोंदीचा नंबर घ्यायचा आणि 14 दिवसांत इमिग्रेशनमध्ये नवं मागायचं. कार्डाचा फोटो फेसबुकवर 'फायनली इन जपान' म्हणून टाकणारे महाभाग असतात. असल्या नंबरांवरून बनावट कार्डं बनवणारेही असतात, तेव्हा तो मोह टाळा.

राहिलं लायसन्स. भारत रस्ते वाहतुकीच्या 1949 च्या जिनिव्हा करारात आहे, म्हणून आपल्या आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना जपानमध्ये चालतो, पण जास्तीत जास्त उतरल्यापासून एक वर्ष. मध्ये भारतात महिना-दीड महिना जाऊन आलात तरी ते वर्ष नव्याने मोजत नाहीत, त्यासाठी किमान तीन महिने बाहेर राहावं लागतं. पुढे जपानी लायसन्स घ्यायचं तर भारतीय लायसन्सचं जपानी भाषांतर, शिवाय ते मिळाल्यानंतर निदान तीन महिने तुम्ही भारतात होता याचा पुरावा, मग लेखी आणि गाडी चालवण्याची परीक्षा. लेखी परीक्षा ऑक्टोबर 2025 पासून कडक झालीय: 50 प्रश्न आणि 90 टक्के गुण. तीन महिन्यांच्या पुराव्यासाठी जुन्या पासपोर्टवरचे शिक्के उपयोगी पडतात, म्हणून रद्द झालेला पासपोर्ट घरी आईकडे ठेवून येऊ नका. आंतरराष्ट्रीय परवान्याचा अर्ज तुमच्या आरटीओत याच आठवड्यात टाका.