कॅटच्या अभ्यासासाठी नोकरी सोडू का?

प्रश्न: मी २६ वर्षांची, मूळची सांगलीची. पुण्यात एका आयटी कंपनीत टेस्टिंगमध्ये अडीच वर्षं झाली. दरमहा हातात ४६ हजार येतात. कोथरूडला रूम आणि मेसचे मिळून १६ हजार, घरी १० हजार, स्कूटरचा हप्ता ३,२००, एसआयपी ६ हजार आणि वरखर्च ५ हजार असा खर्च आहे. बचत खात्यात आणि एफडीत मिळून ३ लाख १० हजार आहेत. गेल्या नोव्हेंबरात कॅट (एमबीए प्रवेशाची परीक्षा) दिली, ८४ पर्सेंटाइल आले. व्हीएआरसीत (इंग्रजी भाषा आणि वाचन) ९१, डीआयएलआरमध्ये (माहितीचं विश्लेषण आणि तर्क) ८८, पण क्वांटमध्ये (गणित) ६२. हिंजवडीहून घरी पोचायला रात्रीचे नऊ वाजतात, अभ्यास होतच नाही. जूनअखेर राजीनामा देऊन सांगलीला जावं आणि एका क्लासची ७२ हजारांची ऑनलाइन बॅच घ्यावी असं ठरवते आहे. बाबा निवृत्त शिक्षक आहेत. पतसंस्थेतली ८ लाखांची ठेव मोडून एमबीएच्या फीला हातभार लावायला ते तयार आहेत. आईबाबा माझ्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आहेत. निर्णय बरोबर आहे का?

उत्तर: नोकरी सोडू नका. एमबीए करू नका असं मी म्हणत नाही. तुमचे गुण पाहता प्रयत्न नक्की करावा असंच माझं मत आहे. पण परीक्षेचा अभ्यास आणि पदवी या दोन वेगळ्या खरेद्या आहेत. पहिली स्वस्तात होते, दुसरी फार महाग आहे. तुम्ही पहिलीवरच शिल्लक संपवायला निघाला आहात.

जून ते नोव्हेंबर, म्हणजे पाच महिन्यांचाच प्रश्न आहे असं तुम्ही धरलं आहे. ते तसं नाही. कॅट नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी असते (२०२५ची ३० नोव्हेंबरला झाली), निकाल डिसेंबर-जानेवारीत लागतो, मुलाखती फेब्रुवारी ते एप्रिल चालतात, अंतिम यादी एप्रिल-मेमध्ये आणि वर्ग जूनमध्ये सुरू होतात. डिसेंबरात परत नोकरी शोधाल, तर पाच महिन्यांसाठी कोण घेणार? म्हणजे बिनपगारी काळ अकरा महिन्यांचा आहे. राज्याच्या सीईटीतून प्रवेश घ्यायचा झाला तर ऑगस्टसुद्धा उजाडतो.

आता हिशेब. पुण्याचे १६ हजार वाचतील असं धरलं, तरी महिन्याला ३० हजारांचं नुकसान आहे. अकरा महिन्यांचे ३ लाख ३० हजार झाले, त्यात क्लासचे ७२ हजार मिळवा. चार लाख झाले. खिशातून प्रत्यक्ष काय जाईल तेही पाहा. स्कूटरचे हप्ते ३५ हजार, घरी द्यायचे १ लाख १० हजार, वरखर्च कमी करून ४४ हजार, क्लास ७२ हजार, पाच-सहा संस्थांचे फॉर्म आणि मुलाखतींचा प्रवास धरून २५ हजार. एकूण २ लाख ८६ हजार. एसआयपी बंद केली असं धरूनही तुमच्या ३ लाख १० हजारांतले २४ हजार उरतात. घरी पैसे देणं थांबवलंत तरी तो भार बाबांच्या पेन्शनवर जातो, नाहीसा होत नाही. आणि हे सगळं संपल्यावर खरी फी भरायची वेळ येते.

मला याहून जास्त काळजी मेडिक्लेमची वाटते. राजीनामा दिला की कंपनीचं विमा संरक्षण बहुधा शेवटच्या कामाच्या दिवशीच संपतं. बाबा साठीच्या पुढचे असणार. या वयात नवी पॉलिसी घेतली तर आधीपासून असलेल्या आजारांसाठी विमा कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. एका अँजिओप्लास्टीत तुमची बचत आणि बाबांची ठेव दोन्हींना मोठं भगदाड पडेल. त्यामुळे आज नोकरी सोडा अगर पुढच्या वर्षी एमबीएला जाताना सोडा, आईबाबांची स्वतंत्र पॉलिसी आत्ताच सुरू करा. म्हणजे थांबण्याचा काळ तुम्ही नोकरीत असतानाच मोजायला लागेल. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचीही सोय असते, आणि त्यात आधीच्या वर्षांचा फायदा टिकतो. एचआरला विचारून ठेवा. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटीही नाही.

पण अभ्यास होत नाही ही तुमची अडचण खरी आहे आणि ती सोडवली पाहिजे. तुमचे गुण नीट वाचा. व्हीएआरसी आणि डीआयएलआर उत्तम आहेत. ८४वर अडकवलं ते क्वांटनं. कॅटमध्ये तिन्ही विभागांना प्रत्येकी ४० मिनिटं असतात. २०२४ला क्वांटचे २२ प्रश्न होते. बरोबर उत्तराला ३ गुण, पर्यायांतून निवडायच्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर १ वजा. गेल्या काही वर्षांत एकूण गुणांच्या निम्म्याहून कमी मिळवूनही ९९ पर्सेंटाइल आलेले आहेत. म्हणजे क्वांटमध्ये चार-पाच प्रश्न जास्त बरोबर आले तर तुमची जागा कुठल्या कुठे जाईल. २०२४ला सुमारे २ लाख ९३ हजार जणांनी ही परीक्षा दिली. त्यात ८४ पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे जवळपास ४७ हजार जण होते, ९९वाल्याच्या पुढे तीनेक हजार. या मधल्या गर्दीत एकेका प्रश्नावर शेकडो-हजारो माणसं मागे पडतात. यासाठी सकाळी दोन तास अंकगणित आणि बीजगणित, रविवारी एक पूर्ण मॉक (सराव परीक्षा) आणि तिची चिरफाड एवढं सात-आठ महिने सलग व्हायला हवं. दिवसाचे दहा तास मोकळे हवेत असा हा अभ्यास नाहीच. घरी बसून एकट्यानं तयारी करणारी बरीच मुलं सप्टेंबरपर्यंत थकतात हे मी अनेक घरांतून पाहिलं आहे.

मग ते दोन तास आणायचे कुठून? विकत घ्या. कोथरूड ते हिंजवडी जाण्यायेण्यात तुमचे रोजचे अडीच-तीन तास जात असणार. जुलैपासून वाकडला किंवा हिंजवडीच्या पहिल्या फेजला रूम घ्या. चार हजार जास्त पडतील असं धरू. पाच महिन्यांचे २० हजार. तेवढ्यात रोजचे दोन तास मिळतात. या सगळ्या व्यवहारात इतकी फायद्याची दुसरी खरेदी मला दिसत नाही. साठलेली रजा नोव्हेंबरसाठी राखून ठेवा, आणि मॅनेजरशी आत्ताच बोलून परीक्षेआधी पंधरा दिवसांची बिनपगारी रजा मागा. तिचे २३ हजार जातील. क्लासबाबत, ज्या दोन विभागांत तुम्ही नव्वदीच्या आसपास आहात ते पुन्हा शिकायला पैसे का द्यायचे? फक्त क्वांटचा कोर्स आणि चांगली मॉक सिरीज घ्या, साधारण २५ हजारांत बसवा. तिन्हींची बेरीज ६८ हजार होते, म्हणजे नुसत्या त्या बॅचच्या फीपेक्षाही कमी.

क्लासवाले फी हप्त्यानं भरायची सोय देतात तिथे कागद वाचा. बहुतेक वेळा ते एखाद्या वित्त कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं. बॅच आवडली नाही म्हणून सोडली तरी हप्ते थांबत नाहीत, आणि चुकवले तर सिबिल खराब होतं. पुढच्याच वर्षी शैक्षणिक कर्ज मागायचं असताना हे परवडणार नाही. फीच्या आकड्यात १८ टक्के जीएसटी धरला आहे का, हेही आधी विचारा.

आता मोठ्या खरेदीकडे येऊ. याबद्दल तुमच्या पत्रात जवळजवळ काहीच नाही. नेमका कोणत्या कॉलेजात, किती रुपयांना प्रवेश घ्यायचा आणि कोणता नाकारायचा, हे परीक्षेच्या आधी ठरवून लिहून ठेवा. निकालानंतर ते ठरवता येत नाही. वर्षभर मेहनत केलेली असते, घरचे विचारत असतात, मित्रमैत्रिणी कुठे ना कुठे गेलेल्या असतात. अशा वेळी जे मिळेल ते चांगलंच वाटतं.

जुन्या, मोठ्या आयआयएमची दोन वर्षांची फी आज २५ लाखांच्या घरात आहे. सगळं कर्ज काढलं, व्याज ९ टक्के धरलं, दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि नंतरचं एक वर्ष हप्ते न भरण्याच्या सवलतीचं मानलं, तर हप्ते सुरू होईपर्यंत साडेपाच लाखांहून थोडं जास्त व्याज साठतं. दहा वर्षांसाठी हप्ता ३९ हजारांच्या आसपास बसतो. आकडा मोठा आहे, पण तिथून मिळणाऱ्या पगारात तो पेलतो. हे कर्ज मी तुम्हाला बिनदिक्कत घ्यायला सांगेन.

आता दुसरं कॉलेज पाहा. फी १५ लाख, कर्जाचा दर ११ टक्के. तीन वर्षांचं व्याज धरून कर्ज १९ लाखांवर जातं आणि हप्ता २६ हजारांवर. तिथून ७ लाखांच्या पॅकेजची नोकरी लागली तर हातात पन्नास-बावन्न हजार येतील. हप्ता वजा जाता २४-२६ हजार उरतात. आज तुम्हाला ४६ हजार मिळतात, आणि टेस्टिंगमध्ये चार-पाच वर्षं झाली की एमबीएशिवायही ते वाढतील. दहा वर्षं पदवीचं ओझं वाहून आजच्यापेक्षा मागे पडायचं, असा हा सौदा आहे. अशा कॉलेजांतून शिकलेल्या आणि तिशीत अजून हप्तेच फेडणाऱ्या मुलामुलींचे हिशेब मी बघतो तेव्हा वाईट वाटतं, कारण हुशारीत आणि मेहनतीत त्यांचं काहीच कमी नसतं. कॉलेजच्या जाहिरातीतलं सर्वात मोठं पॅकेज आणि सरासरी दोन्ही बाजूला ठेवा. एनआयआरएफला (केंद्र सरकारची शिक्षणसंस्थांची क्रमवारी) संस्थांनी दिलेली माहिती त्यांच्या संकेतस्थळांवर असते. त्यात किती जणांना नोकरी लागली आणि मधला पगार (निम्म्यांना ज्याहून जास्त, निम्म्यांना ज्याहून कमी मिळतो तो) किती, हे वर्षवार सापडतं. तो मधला आकडा वर्षाच्या हप्त्यांशी ताडून पाहा. वर्षभराचे हप्ते त्या पगाराच्या पाव हिश्श्याहून जास्त होत असतील तर ते नाव यादीतून काढा.

यादीत सीईटीची कॉलेजं मात्र जरूर घ्या. मुंबईचं जमनालाल बजाज, सिडनहॅमचं सिमश्री आणि पुणे विद्यापीठाचं पुम्बा यांची फी आयआयएमच्या तुलनेत कितीतरी कमी आहे. सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न असतात आणि निगेटिव्ह मार्किंग नसतं, त्यामुळे वेगावर भर द्यावा लागतो. कॅटनंतर हातात राहणारे महिने त्या वेगासाठी पुरतात. बजाजचा कटऑफ मात्र फार वर असतो, तेव्हा एकाच कॉलेजवर भिस्त ठेवू नका.

प्रवर्गाबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही, पण हे तपासाच. जुलै २०२४च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. मॅनेजमेंट कोट्याला ते लागू नाही. तुम्ही बसत असाल तर सगळं गणितच बदलतं. दाखले काढायला वेळ लागतो, म्हणून तहसीलचं काम पावसाळ्याआधी उरका.

बाबांची ठेव फीसाठी मोडायची नाही. चांगल्या संस्थेला बँका तारणाशिवाय कर्ज देतात. दर्जेदार संस्थांसाठी पीएम विद्यालक्ष्मी योजनेतही तारण आणि जामीनदार लागत नाही, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, इतर सवलत न घेणाऱ्या कुटुंबांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात व्याजात ३ टक्के सूट मिळू शकते. ज्या कॉलेजसाठी बँक कर्ज द्यायला कां-कूं करते, तिथे बाबांनी तरी पैसे का घालावेत? मात्र ती ठेव आहे तिथेही राहू नये. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. मुदत संपली की ती रक्कम बँकेत आणि पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत विभागून ठेवा. बाबांना दर तिमाहीला व्याजही हातात मिळेल.

तुमच्या शिलकीतले दीड लाख कशालाही हात न लावता वेगळे ठेवा. निवड झाली तर एप्रिल-मेमध्ये राजीनामा द्यावा लागेल आणि नोटीस पीरियड ९० दिवसांचा असेल तर उरलेल्या दिवसांचे पैसे भरून सुटका करून घ्यावी लागते. नेमणूकपत्र काढून तो आकडा आजच बघा. पीएफ काढू नका. सलग पाच वर्षं होण्याआधी काढलेल्या रकमेवर कर लागतो.

यंदाही मनासारखे पर्सेंटाइल आले नाहीत तर तिसऱ्यांदा कॅटच्या मागे वर्ष घालवू नका. तुमच्याकडे जीमॅटचा, म्हणजे एमबीएसाठीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेचा रस्ता आहे. त्याचा स्कोअर पाच वर्षं चालतो, कॅटचा एकाच वर्षाच्या प्रवेशाला. जीमॅट वर्षभरात केव्हाही देता येते आणि ज्यांचे एकवर्षीय अभ्यासक्रम अनुभवावर भर देतात अशा चांगल्या संस्था ती स्वीकारतात. चार-पाच वर्षांचा अनुभव, वाढलेला पगार आणि मोठी शिल्लक घेऊन तिथे अर्ज करता येईल.

राजीनाम्याचा विचार ऑगस्टअखेरपर्यंत बाजूला ठेवा. तोवर रूम बदला, किमान आठ मॉक द्या आणि क्वांटचे आकडे मांडून ठेवा. ऑगस्टच्या मॉकमध्ये क्वांट ८५च्या पुढे सरकलं असेल तर आहे तसंच चालू द्या. सरकलं नसेल तर ते आकडे, निवडलेल्या कॉलेजांची यादी आणि आईबाबांच्या पॉलिसीची प्रत घेऊन पुन्हा लिहा. मग रजा वाढवायची की दुसरा शिक्षक बघायचा ते ठरवू.