वाचकांचे प्रश्न : व्हॅलेन्सियाचा फायास, तिथलं रेशीम आणि गुरुवारचं पाण्याचं कोर्ट

मागच्या अंकात स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहराबद्दल आणि तिथल्या फायास सणाबद्दल दोनच ओळी लिहिल्या होत्या, तर प्रश्नांचा ढीगच पडला. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत. आणि ज्यांनी "तिकडं बैलांपुढं पळायचं असतं ना" असं विचारलंय त्यांना आधीच सांगून टाकतो, ते पाम्प्लोना, जुलैमधलं, शहरही वेगळं आणि सणही वेगळा.

प्रश्न (जालना) : दादा, आम्ही चौघं मित्र मार्चमधी स्पेनला जायचं म्हणायलोत. फायास म्हणजे नेमकं काय असतं आणि किती दिवस ठेवावेत? ट्रॅव्हलवाला म्हणायलाय की १९ तारखेची एक रात्र बास.

उत्तर : एका रात्रीत तुम्हाला आग दिसेल आणि पुढच्या माणसाचं डोकं दिसेल, बाकी काय नाही. आपल्या गणेश मंडळाचं चित्र डोळ्यापुढं आणा म्हणजे लगेच कळेल. शहरात गल्लोगल्ली अशा कमिट्या आहेत, चारशेच्या आसपास, प्रत्येकीचा स्वतःचा हॉल, वर्षभर वर्गणी गोळा करायची, लॉटरीची तिकिटं खपवायची, बँड ठरवायचा, आणि मार्च आला की आपापल्या चौकात पुतळ्यांचा एक मोठा डोलारा उभा करायचा, काही तर चार-पाच मजली बिल्डिंगएवढे, शेजारी लेकरांसाठी एक छोटा. १५ मार्चला हे उभे राहतात, १७ आणि १८ ला बाया-पोरी रेशमी पोशाखात फुलं घेऊन देवीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, चौकात जातात, आणि १९ ला सेंट जोसेफच्या दिवशी रात्री सगळं पेटवून देतात, आधी लेकरांचे, मग मोठे, पालिकेसमोरचा सगळ्यात शेवटी.

म्हणून निदान १६ ला पोचा आणि २० ला निघा. १६-१७ ला दिवसभर पायी फिरून पुतळे बघायचे, रुसाफा भागातली लाइटिंग रात्री बघायची. १८ ला फुलांचा कार्यक्रम बघा, लाकडाच्या उंच सांगाड्यावर माणसं चढून बसलेली असतात, खालून गुच्छ वर फेकले जातात आणि तेच रचून रचून देवीचा झगा तयार होतो, आणि फुलं देताना चांगल्या धडधाकट बाया ढसाढसा रडतात, ते बघून आपल्यालाच कसंतरी होतं. जाळायच्या रात्री मात्र पालिकेच्या चौकात घुसायचा हट्ट करू नका. कुठल्यातरी गल्लीतला मधल्या साइजचा पुतळा धरा, तिथं कमिटीची माणसं शेजारी उभी असतात, फायर ब्रिगेडवाले आजूबाजूच्या भिंतींवर पाणी मारत असतात, आणि ज्या पोरीला वर्षभर त्या गल्लीची राणी केलेलं असतं ती हुंदके देत उभी असते.

हॉटेल पाच-सहा महिने आधी बुक करा. आणि गावात गाड्या बंद असतात बरं का, टॅक्सी दारापर्यंत येत नाही, बॅगा ओढत न्यायची तयारी ठेवा. सकाळी आठ वाजता बँड आणि फटाके घेऊन गल्ली उठवत फिरतात, हा कार्यक्रमाचाच भाग आहे, हॉटेलवाल्याशी भांडून उपयोग नाही.

प्रश्न (परभणी) : लाखो रुपये घालून बनवायचं आणि जाळायचं, ही नासाडी नाही का? आपल्याकडं लोकांना प्यायला पाणी नाही.

उत्तर : रुपये नाही हो, लाखो युरो. मोठ्या कमिट्यांचे पुतळे तेवढ्यात जातात. पण तो पैसा कुठं जातो तेही बघा ना. सुतार, रंगारी, मूर्तिकार, शिवणकाम करणारे, बँडवाले, फटाकेवाले, हे सगळे वर्षभर यावरच जगतात, पुतळे बनवणाऱ्यांच्या वर्कशॉपची एक वसाहतच आहे शहरात. आणि पुतळे देवाचे नसतात, टिंगलीचे असतात. मेयर, मंत्री, बँकवाले, फुटबॉलवाले, कुणालाच सोडत नाहीत, खाली यमक जुळवून टोमणे लिहिलेले असतात, आणि ज्याची टिंगल झाली तो नेता चार दिवस ते बघत फिरतो. हे आपल्याकडं एखाद्या चौकात करून बघा म्हणावं.

सगळं जळत नाही. या पुतळ्यांना निनोत म्हणतात, आणि १९३४ पासून लोकांच्या मतदानानं निनोत वाचवतात, आता दरवर्षी एक मोठ्यांतला आणि एक लेकरांचा, वाचवलेले सगळे फायास म्युझियममध्ये ठेवलेत. जुने निनोत मेणाचे, कपडे घातलेले, एक आजी तर अशी बसवलीय की आत्ता बोलेल असं वाटतं. ते म्युझियम सोडू नका.

तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट मात्र खरीय, पैशापेक्षा धुराची. पूर्वी लाकूड, पुठ्ठा, मेण असायचं, आता थर्माकोल फार आलंय आणि ते जळताना काळाकुट्ट धूर निघतो. त्यावर तिथंही लोक भांडायलेत, काही कलाकार परत लाकडाकडं वळलेत. दम्याचा त्रास असेल तर १९ ची रात्र तुमच्यासाठी नाही.

प्रश्न (औसा) : माझी आई ६५ वर्षांची आहे. तिला सोबत न्यावं का? ९३ च्या भूकंपापासून ती मोठ्या आवाजाला फार दचकते, दिवाळीत पण घराबाहेर येत नाही.

उत्तर : नका नेऊ ताई. स्पष्टच सांगतो. १ ते १९ मार्च रोज दुपारी दोन वाजता पालिकेसमोर मास्कलेता असते, म्हणजे दिवसाउजेडी नुसत्या आवाजाचे फटाके. शोभा बघायची नसतेच, ऐकायची असते. पाचेक मिनिटं दोरीला बांधलेले सुतळी बॉम्बसारखे बार एका तालात वाढत वाढत जातात आणि शेवटच्या मिनिटात जमीन हादरते, अक्षरशः पायातून वर छातीपर्यंत येतं. लोक तोंड उघडं ठेवून उभे राहतात, कानाला त्रास कमी होतो म्हणतात. ज्यांना आवडतं त्यांना याचं व्यसन लागतं, हजारो माणसं ऑफिसच्या लंच टाइमला येऊन उभी राहतात. पण ज्या माणसानं ३० सप्टेंबरची ती पहाट काढलीय, त्याला पैसे खर्चून तिथं उभं करायचं काही कारण नाही.

बरं, चौक टाळला म्हणून सुटका नाही, त्या दिवसांत गल्लीगल्लीत लेकरं सकाळपासून फटाके फोडत असतात. आईला न्यायचंच असेल तर एप्रिल-मे मध्ये न्या. गाव तेच, म्युझियम तेच, आणि जुन्या नदीच्या पात्रातली बाग तिला नक्की आवडेल. १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये तुरिया नदीला पूर आला, गाव बुडालं, मग नदीच वळवून गावाच्या दक्षिणेला नेली आणि जुन्या कोरड्या पात्रात आता ९ किलोमीटर झाडं, सायकलचे रस्ते, खेळायची मैदानं आहेत. वर जुने दगडी पूल तसेच, खाली पाण्याच्या जागी माणसं फिरतात. ऑक्टोबर मात्र टाळा, तिकडं त्याच महिन्यात ढगफुटीसारखा पाऊस होतो, २०२४ मध्ये २९ ऑक्टोबरला त्या भागात दोनशेवर माणसं गेली, वळवलेल्या नदीमुळं मूळ शहर वाचलं पण दक्षिणेकडच्या गावांवर फार वाईट वेळ आली.

प्रश्न (पैठण) : आम्ही घरचेच विणकर. त्या बायांच्या पोशाखाचे फोटो बघितले, ते हातमागाचं काम वाटतं. बघायला मिळेल का?

उत्तर : तुमचा डोळा बरोबर आहे. चांगल्या पोशाखाचं कापड हातमागावरचं असतं, रेशमाचं, आणि जिथं फूल तिथंच त्या रंगाचा धागा छोट्या छोट्या धोट्यांनी भरतात. भरणी तुमच्या कांड्यांच्या कामाच्या जवळची आहे, फरक असा की तिथं नक्षी जकार्डच्या पंच केलेल्या पुठ्ठ्यांवरून उचलली जाते. एकेक पोशाख हजारो युरोंचा होतो आणि आईचा लेकीला, लेकीचा नातीला असा जातो.

बघायच्या जागा दोन. एक, रेशीम विणकरांच्या संघाची जुनी इमारत, आता म्युझियम आहे. तो संघ १४७९ सालचा. तिथं माग मांडलेले आहेत, चालवून दाखवत असतील तर मागं जाऊन उभे राहा, बाकी टुरिस्ट पुढून फोटो काढतात. दुसरी, लोन्हा म्हणजे रेशमाचा बाजार, बांधकाम १४८२ ला सुरू झालं. आतले दगडी खांब दोरीला पीळ द्यावा तसे पिळलेले आहेत आणि वर जाऊन छतात पसरतात. सौदे इथंच व्हायचे. आणि एकाच वास्तूत व्यापाऱ्यांच्या तंट्याचं कोर्ट आणि दिवाळखोरांना कोंडायची खोली पण होती म्हणतात, उधारीवर धंदा करणाऱ्यांनी ती आवर्जून बघावी.

जाताना पैठणीचा एखादा काठाचा तुकडा सोबत घ्या. भाषेची अडचण असली तरी विणकराच्या हातात कापड दिलं की तो आधी उलटं करून बघतो.

प्रश्न (नांदेड) : आम्ही पूर्ण शाकाहारी. उपाशी राहायची पाळी येईल का?

उत्तर : उपाशी राहणार नाही पण विचारून खा. पाएया नावाचा भात इथलाच, आणि मूळचा पाएया म्हणजे कोंबडी, ससा, घेवडा, पावट्यासारखे मोठे पांढरे दाणे, केशर. वरून भाज्या दिसल्या म्हणून घेऊ नका. भाज्यांचा पाएया वेगळा मिळतो, पण रस्सा कशाचा घातलाय ते विचारा, कधी कधी हाडाचा असतो. हा भात दुपारीच खातात, रात्री फक्त टुरिस्टला वाढतात.

सणात रस्त्यावर लाल भोपळ्याचे वडे तळतात, मधे भोक, वरून साखर, गरम गरम खायचे. आणि ओरचाता नक्की प्या, गार, दुधासारखं दिसतं पण दूध नसतं, चुफा नावाच्या कंदाचं असतं. हा चुफा कोण म्हणाल तर आपण ज्या लव्हाळ्याला रानात शिव्या देतो त्याचा सख्खा भाऊबंद. शेजारच्या आल्बोराया गावात त्याची रीतसर शेती करतात. आपण तणनाशक मारायलोत आणि ते लोक शरबत विकायलेत.

प्रश्न (धाराशिव) : व्हिसा आणि जायचं कसं, थोडक्यात.

उत्तर : शेंगेन व्हिसा, फी ९० युरो, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, फायासला जायचं असेल तर डिसेंबरमध्येच उरकून घ्या. निदान ३०,००० युरोचा ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो. मुंबईहून विमान बदलून माद्रिद, तिथून फास्ट ट्रेन दोन तासांच्या आत व्हॅलेन्सियाला सोडते. ट्रेनचं तिकीट आधी काढलं तर निम्म्यात पडतं.

प्रश्न (माजलगाव) : आम्ही कॅनॉलच्या टेलचे शेतकरी. तुम्ही लिहिलं होतं की तिथं शेतकऱ्यांचंच पाण्याचं कोर्ट आहे. ते खरंच चालतं का टुरिस्टसाठी नाटक आहे?

उत्तर : काका, यासाठीच मी सगळ्यांना म्हणतो की फायासला जा पण एक गुरुवार हाताशी ठेवा. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता, कॅथेड्रलच्या एका दरवाजासमोर, उघड्यावर, लाकडी खुर्च्या गोल मांडतात. काळे सदरे घातलेले शेतकरी येऊन बसतात. तुरियातून निघालेल्या एकेका जुन्या पाटाचा एकेक प्रतिनिधी, पाट अरबांच्या राजवटीपासूनचे. हे प्रतिनिधी त्या पाटावरच्या शेतकऱ्यांनीच निवडून दिलेले, आणि स्वतः जमीन कसणारा असेल तरच उभं राहता येतं. वकील नाही. कागद नाही. पुकारा करणारा एकेका पाटाचं नाव घेऊन ओरडतो, कुणावर तक्रार आहे का.

तक्रार असली तर तिथंच दोघांचं ऐकायचं, तिथंच ठरवायचं, वर अपील नाही. यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की ज्या पाटाचं भांडण त्या पाटाचा प्रतिनिधी निकाल देत नाही, नदीच्या पलीकडच्या तीराचे लोक काय तो निकाल सुचवतात, म्हणजे भावकीचा विषयच संपला. पाणी ठरावीक लिटरमध्ये वाटलेलं नाही, नदीत जेवढं येईल त्याचे हिस्से ठरलेत, त्यामुळं दुष्काळात वरच्याचंही कमी होतं आणि खालच्याचंही त्याच मापात कमी होतं. आपल्याकडं २००५ मध्ये समन्यायी पाणीवाटपाचा कायदा झाला, आणि जायकवाडीत वरून पाणी सोडायचं म्हटलं की दरवेळी काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीय.

नाटक का? अर्धं उत्तर हो. बऱ्याच गुरुवारी तक्रारच नसते, पुकारा होतो, कुणी पुढं येत नाही, पाच मिनिटांत खुर्च्या उचलतात आणि टुरिस्ट एकमेकांकडं बघत राहतात. पण तक्रार नसते कारण बहुतेक भांडणं आधीच पाटावर मिटवलेली असतात, गुरुवारी चारचौघांत उभं राहायची लाज वाटते म्हणून. शहर वाढून शेती बरीच कमी झालीय हेही कारण आहेच. २००९ मध्ये युनेस्कोनं या कोर्टाला वारसा यादीत घेतलं.

साडेअकराला जाऊन कठड्याला टेकून उभे राहा, नाहीतर काही दिसणार नाही. गुरुवारी सुट्टी आली तर कोर्ट आदल्या दिवशी बसतं, आणि १९ मार्चला तिथं सुट्टीच असते, तेव्हा कॅलेंडर बघून तिकीट काढा. दुपारनंतर मेट्रो पकडून आल्बोरायाकडं गेलात तर ते पाट प्रत्यक्ष शेतात वाहताना दिसतात, काही फाट्यांवर दगडी विभाजक बसवलेत, त्यात फळ्या नाहीत, कुलूप नाही, रात्री येऊन गेट उचलायची सोयच नाही. मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून आणा आणि तुमच्या पाणी वापर संस्थेच्या पुढच्या मीटिंगला दाखवा.