पहिला तेजोमेघ टिपताना

तेजोमेघाचे, म्हणजे अवकाशातील वायू आणि धुळीच्या ढगाचे, छायाचित्र घेऊ पाहणाऱ्याने सुरुवातीलाच मोठी दुर्बीण घेण्याचा मोह आवरावा आणि हातात असलेले पैसे आधी कॅमेरा हळूहळू फिरवून ताऱ्यांचा माग ठेवणाऱ्या भक्कम माउंटवर खर्च करावेत, असे मी आग्रहाने सांगेन. स्थिर तिपाईवर २०० मिलिमीटरची लेन्स लावली, तर पृथ्वीच्या परिवलनामुळे दोन-तीन सेकंदांतच तारे रेघांसारखे ओढले जातात. माउंटचा अक्ष खगोलीय ध्रुवाशी (ज्या बिंदूभोवती आकाश फिरताना दिसते) नीट जुळवला, तर तीच लेन्स एक-दोन मिनिटांचे उद्भासन (एक्स्पोजर) सहज पेलते. या जुळवणीत गेलेला अर्धा तास वाया गेला असे समजू नये.

पहिले लक्ष्य म्हणून मृग नक्षत्रातील एम ४२ हा तेजोमेघ निवडावा. तो सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर असला तरी नुसत्या डोळ्यांनीही अंधुक दिसतो. मात्र त्याचा गाभा इतका तेजस्वी आहे की, बाहेरचे पंख उमटेपर्यंत मधला भाग पांढराफटक होतो. म्हणून पाच-दहा सेकंदांच्या काही वेगळ्या फ्रेम घेऊन त्या नंतर दीर्घ फ्रेममध्ये मिसळाव्यात. एकाच फ्रेमवर कधीही समाधान मानू नये, कारण सोळा फ्रेम एकत्र रचल्या की संदेश (तेजोमेघाचा खरा प्रकाश) आणि गोंगाट (चित्रातील नकोसा दाणेदारपणा) यांचे गुणोत्तर साधारण चौपट सुधारते. सर्व फ्रेम रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपातच साठवाव्यात. लेन्सवर झाकण लावून, तेवढ्याच उद्भासनाच्या आणि त्याच आयएसओच्या (संवेदनशीलतेच्या) डार्क फ्रेम, म्हणजे सेन्सरचा स्वतःचा गोंगाट नंतर वजा करण्यासाठीच्या काळ्या फ्रेम, त्याच रात्री घ्याव्यात, कारण सेन्सरचे तापमान बदलले की त्यांचा उपयोग घटतो.

साध्या कॅमेऱ्यात लाल रंग फिका आला तर दोष स्वतःकडे घेऊ नका; हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा प्रकाश त्यातील फिल्टर बराचसा अडवतो.