ध्वनीपेक्षा वेगाने उडणाऱ्या कॉन्कॉर्ड या प्रवासी विमानाच्या कर्मचाऱ्यांच्या आठवणींत विशेष काय आहे?

मला वैमानिकांपेक्षा फ्लाइट इंजिनिअरचे किस्से जास्त आवडतात. कॉकपिटमधला तिसरा माणूस तो. ध्वनीचा वेग ओलांडताना विमानाचा तोल बिघडू नये म्हणून तो इंधन पंपाने शेपटाकडच्या टाकीत पाठवायचा, वेग उतरला की परत पुढे आणायचा. माख 2 ला, म्हणजे ध्वनीच्या दुप्पट वेगाला, नाक सव्वाशे अंशांपर्यंत तापे आणि अख्खं विमान काही इंचांनी लांबे. मग इंजिनिअरच्या पॅनेलशेजारी हात जाईल एवढी फट पडायची. 2003 मध्ये कॉन्कॉर्डच्या निवृत्तीच्या उड्डाणांत काही इंजिनिअरांनी आपली टोपी त्या फटीत खोचली. विमान थंड झालं, टोपी अडकली ती अडकलीच! सिएटलच्या संग्रहालयातल्या विमानातली टोपी तर एका चोराने कापून नेली, आणि नंतर ती परतही आली.