त्सुनामीच्या संशोधनात प्रगती झाली, तर 2018 मध्ये इशारा का मिळाला नाही?

आपण डिसेंबर 2018 मधील इंडोनेशियाच्या सुंदा सामुद्रधुनीतील त्सुनामीबद्दल विचारले आहे, ज्यात चारशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. इशारा देणाऱ्या बहुतेक यंत्रणा भूकंपाच्या नोंदीवरून कामाला लागतात. त्या रात्री मात्र अनक क्राकाताऊ या ज्वालामुखीचा एक उतार समुद्रात कोसळला आणि ज्यावरून इशारा द्यावा असा मोठा भूकंप झालाच नाही.

तरीही प्रगती खरी आहे. लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो (4000 मीटर खोलीवर ताशी सुमारे 700 किलोमीटर), त्यामुळे ती कोठे केव्हा पोहोचेल हे सांगणे तुलनेने सोपे असते. अवघड असते ते तिची उंची सांगणे. 11 मार्च 2011 रोजी जपानच्या हवामान संस्थेने तीन मिनिटांत इशारा दिला, पण भूकंप 7.9 चा असल्याच्या प्राथमिक अंदाजावरून, आणि प्रत्यक्षात तो 9.0 चा निघाला. त्यानंतर तेथे समुद्रतळावर केबलने जोडलेली 150 निरीक्षण केंद्रे बसवण्यात आली. ती पाण्याच्या दाबातील बदल मोजतात, म्हणजे लाट किनाऱ्यापासून दूर असतानाच थेट टिपली जाते.

माझ्या मते याहून मोठा बदल धोक्याच्या मूल्यमापनात झाला आहे. जपानमधील सेंदाईच्या मैदानात 869 सालच्या त्सुनामीने आणलेल्या वाळूचा थर भूवैज्ञानिकांनी 2011 च्या कितीतरी आधी शोधला होता. किनाऱ्याच्या नियोजनात मात्र तो वेळेत उतरला नाही. आता असे जुने थर आणि हजारो संभाव्य भूकंपांची गणिते एकत्र करून अमुक उंचीची लाट येण्याची शक्यता किती, हे काढले जाते. मात्र धोका मोजला म्हणजे जोखीम कमी झाली असे होत नाही, कारण जोखीम त्या किनाऱ्यावर किती माणसे राहतात आणि त्यांना उंचावर जायला किती मिनिटे लागतात यावरही ठरते.

इंडोनेशियाच्या सिमेउलुए बेटावर 1907 च्या लाटेची आठवण ‘स्मोंग’ या त्सुनामीसाठीच्या स्थानिक शब्दातून जपली गेली होती. 2004 मध्ये जमीन हादरताच लोक टेकड्यांवर गेले आणि सुमारे 78,000 वस्तीच्या त्या बेटावर केवळ सात जण दगावले. सुंदा सामुद्रधुनीत हा धडाही उपयोगी पडला नसता, कारण तेथे किनाऱ्यावरच्या लोकांना सावध करील असा हादराच बसला नाही. अशा ठिकाणी ज्वालामुखीच्या उतारावर आणि त्याच्या भोवतीच्या पाण्याच्या पातळीवर सतत लक्ष ठेवावे लागते.