अमेरिकेत वकील न लावता दावा टाकला आणि त्यात चुका राहिल्या, तर कोर्ट तो लगेच फेटाळतं का?

फेटाळू शकतं, पण भाषा कच्ची आहे म्हणून नाही. मी इथे फेडरल, म्हणजे केंद्रीय कोर्टांपुरतंच बोलतोय.

१९७२ च्या हेन्स विरुद्ध कर्नर खटल्यात एका कैद्याने स्वतःच तक्रार लिहिली होती. एकांतकोठडीत फरशीवर झोपावं लागल्याने पायाचं दुखणं वाढलं, असं त्याचं म्हणणं. खालच्या कोर्टाने दावा काढून टाकला. सुप्रीम कोर्टाने तो निर्णय रद्द करून दावा पुढे चालवायला परत पाठवला आणि म्हटलं, अशा कागदांना वकिलाच्या कागदांइतका कडक निकष लावू नका.

पण सवलत लिहिण्याच्या पद्धतीला आहे, मजकुराला नाही. 'माझ्यावर अन्याय झाला, सगळे सामील आहेत' एवढ्यावर दावा टिकत नाही. कोणी, कधी, काय केलं आणि त्याने तुमचं काय नुकसान झालं, हे लागतंच. सुप्रीम कोर्टाच्या २००९ च्या इक्बाल निकालानंतर तर नुसते निष्कर्ष लिहून भागत नाही. फी माफ करून घेतली असेल, तर समोरच्याला समन्स जाण्याआधीच न्यायाधीश दावा तपासून काढून टाकू शकतात.

आदेश आला की आधी 'विदाउट प्रेज्युडिस' लिहिलंय की 'विथ', ते बघा. दुसरं असेल तर तोच दावा पुन्हा टाकता येत नाही. पहिलं असेल तर पुन्हा दाखल करता येतो, फक्त मुदतीचा कायदा तुमच्यासाठी थांबत नाही. बऱ्याचदा दुरुस्तीची एक संधीही देतात. त्यात लोक हमखास चुकतात: नवीन तक्रार जुनीची पुरवणी नसते, ती जुनीच्या जागी येते. म्हणून सगळं पुन्हा लिहा, 'आधी सांगितल्याप्रमाणे' चालत नाही.